मधली तार

माझ्या भावाच्या बोटीवर पाय ठेवायला मला बंदी होती, म्हणून ती बोट मी तुकड्यातुकड्यांनी ओळखायला शिकले. कधी जळलेला सेल्फ, कधी मिठानं हिरवी पडलेली तार, कधी पोट फुगलेली बॅटरी. हे सगळं पिशवीत घालून माझा नवरा दुकानात आणायचा आणि मी ते उघडून बघायचे. बोट धक्क्याला उभी असायची, दुकानापासून हाकेच्या अंतरावर, आणि मी तिच्याकडे रस्त्यावरून बघायचे.

रेवदंड्याच्या बाजारात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. आयटीआयला वायरमनचं शिकले, तेव्हा वर्गात मी एकटीच मुलगी होते आणि तिथले मास्तर मला दर आठवड्याला शिवणाचा वर्ग कुठे भरतो ते सांगायचे. आजही चौलच्या वाडीतला कुणी पाण्याची मोटर घेऊन आला की आधी माझ्या मागे बघतो आणि विचारतो, "मिस्त्री कुठे गेले?" मी म्हणते, "मेले." मग तो मोटर ठेवून जातो. माझा स्वभाव असा आहे आणि तो बदलायची मला काही गरज वाटत नाही.

बोट वडिलांची. ते होते तोवर मी बोटीवर खेळले, तिथे भात खाल्ला, जाळ्याची गाठ मारायला तिथेच शिकले. ते गेले आणि बोट दादाच्या हातात आली. पहिल्याच हंगामात त्यानं सांगितलं, "बाईमाणसानं वर चढायचं न्हाय." शेजारच्या दोन बोटींवर बायका चढतात, उतरतात, कुणाला काही होत नाही. हा नियम गावाचा नव्हता, देवाचाही नव्हता. तो दादाचा होता. वडिलांनी मला बोटीवर जी मोकळीक दिली ती त्याला बघवत नव्हती, असं माझं मत होतं आणि ते मी सगळ्यांना सांगायचे, त्यालाही.

त्याच बोटीवर माझा नवरा डायवर. इंजिन सांभाळणाऱ्याला आमच्याकडे डायवरच म्हणतात. तो शांत माणूस. मी दहा वाक्यं बोलले की तो एक बोलतो, आणि ते बहुतेक "व्हय" असतं. पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या असतात तेव्हा तो माझ्या दुकानात बसतो. तारा सोलायला, जोड द्यायला मीच त्याला शिकवलं. माझा जोड दुसरा कुणी देत नाही. तारांची टोकं एकमेकांतून ओवून पिळायची, सोल्डर करायचं, वरून रबरी नळी, नळीवर जाळ्याचा दोरा गच्च गुंडाळून वडिलांची गाठ, आणि मग सगळं वाइंडिंगच्या वॉर्निशमध्ये बुडवून वाळवायचं. तपकिरी, कडक, नखानं खरवडलं तरी निघत नाही. खाऱ्या हवेत नुसती टेप महिनाभर टिकते, हा जोड बोटीपेक्षा जास्त टिकेल.

बोटीतली वीज घरातल्या विजेसारखी नसते. घरात तार तुटली तर अंधार होतो, शिव्या देऊन मेणबत्ती लावता येते. बोटीत सगळं दोन बॅटऱ्यांवर असतं. दोन्ही एकापाठोपाठ जोडलेल्या, बारा आणि बारा मिळून चोवीस व्होल्ट. इंजिन सुरू करणारा सेल्फ चोवीसवर फिरतो. बोटीच्या तळाशी झिरपून साठणारं पाणी बाहेर फेकणारा पंपही चोवीसवर. इंजिन चालू झालं की त्याचा डायनामो दोन्ही बॅटऱ्यांना एकदम भरतो. या जोडीला एकच पथ्य आहे: दोघींनी सारखं काम करायचं. जे घ्यायचं ते दोघींकडून मिळून घ्यायचं.

लोक नेमकं हेच पाळत नाहीत. बाजारात मिळणारी हौसेची वस्तू बारा व्होल्टची असते. गाण्याचा बॉक्स, रंगीत दिवे, पंखा, सगळं बारावर. मग कुणीतरी शहाणा दोन बॅटऱ्यांच्या मधून एक तार काढतो आणि एकाच बॅटरीवर ते सगळं चालवतो. चालतंही. म्हणजे दोन जावांनी मिळून एक पाटी उचलायची, पण दिवसभर वरची कामं एकीलाच, आणि रात्री ताटात दोघींना सारखंच वाढायचं. जिनं काम केलं ती अर्धपोटी राहते आणि जी बसून होती तिला अजीर्ण होतं. पहिल्या बॅटरीचा जीव रोज थोडा थोडा जातो, दुसरीचं पाणी उकळून आटतं. काही महिन्यांनी दोघीही कामातून जातात, आणि त्या जातात कुठे, तर समुद्रात.

एका पावसाळ्यात नवऱ्यानं बोटीच्या बॅटऱ्या घरी आणून पडवीत ठेवल्या. झाकणं उघडली तर एकीच्या प्लेटा कोरड्या, दुसरीत काठोकाठ पाणी आणि मीटरचा काटा मात्र उठायला तयार नाही. मी तिथेच सांगितलं, "कुणीतरी मधून तार काढलीय."

नवरा म्हणाला, "व्हय?"

"कुणीतरी म्हणजे दादानं. नारळी पौर्णिमेला गाण्याचे बॉक्स लावले होते ना त्यानं. मी रस्त्यावरून बघितलंय, तार खाली इंजिनाकडे गेली होती."

"असंल," तो म्हणाला आणि भात कालवायला लागला.

मी दादाला धक्क्यावर गाठलं. तो नव्या जाळ्याचा भाव करत होता. मी सरळ म्हटलं, मधली तार काढून टाक, बॉक्सला वेगळी बॅटरी लाव, नाहीतर एक दिवस इंजिन लागणार नाही. त्यानं माझ्याकडे न बघता जाळेवाल्याला सांगितलं, "हिला मिक्सर दुरुस्त करता येतो." जाळेवाला हसला. दादानं त्या वर्षी एक बॅटरी नवी आणली आणि दुसरी जुनीच ठेवली. नवी आणि जुनी एकत्र कधी नांदत नाहीत, हे तर त्याहून वाईट. पण बोटीचं बोलायचं नाही असं त्यानं घरच्यांकडून निरोप पाठवून सांगितलं, आणि मी त्या घरी जायचंच बंद केलं. फक्त राखीला जायचे, कारण आई होती.

आमच्याकडे नारळी पौर्णिमा आणि राखी एकाच दिवशी. दुपारी समुद्राला नारळ, त्याआधी भावाला राखी. मी राखी बांधायचे, तो ताटात काहीतरी टाकायचा, दोघं एकमेकांच्या खांद्यावरून भिंतीकडे बघायचो.

नवऱ्याच्या फोनचं सांगायला हवं. तो समुद्रात असला की मला संध्याकाळी त्याचा फोन लागतो. लाड म्हणून नाही. माझे वडील समुद्रातून परत आले तेव्हा त्यांना चौघांनी उचलून आणलं होतं, आणि आम्हाला त्याआधी काहीच कळलं नव्हतं. म्हणून मला रोज आवाज हवा. बोट रेंजमध्ये असून फोन बंद लागला की माझं डोकं फिरायचं. तो घरी आला की पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी मी विचारायचे, "फोन बंद का होता?" तो म्हणायचा, "उतरला." मी दोन दिवस बोलायचे नाही. मग एका हंगामापासून त्याचा फोन कधी बंद लागेनासा झाला. मी मनात म्हटलं, चला, सुधारला.

त्या बॅटऱ्या पडवीत उघडल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी, थंडीत, एका संध्याकाळी फोन आला नाही. मी लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी धक्क्यावर उभी होते आणि येणाऱ्या प्रत्येक बोटीला विचारत होते. शेवटी दुसऱ्या एका बोटीनं दोर लावून आमची बोट ओढत आणली. जाळं ओढायला इंजिन बंद केलं होतं, ते पुन्हा लागलं नाही. सेल्फनं नुसतं टकटक केलं. पंपही थांबला आणि तळात पाणी चढायला लागलं. मदतीला हाक मारायचा वायरलेसही त्याच बॅटरीवर, तो मुका. सगळ्यांनी बादलीला दोर बांधून पहाटेपर्यंत पाणी उपसलं. नवरा उतरला तेव्हा त्याच्या तळहातांची सालटी निघाली होती. माझ्याकडे तो पाणी मागत होता आणि त्याला तांब्या धरता येत नव्हता.

मी दादाला सगळ्या धक्क्यासमोर झाडलं. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वडिलांपासून सुरुवात केली आणि त्याच्या बॉक्सपर्यंत आले. म्हटलं, तुझ्या गाण्यापायी माझा नवरा बुडाला असता. दादा ऐकत राहिला. मध्येच त्यानं एकदा नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "चल घरी." मला वाटलं, दमलाय.

दादानं गावात पसरवलं ते वेगळंच. आदल्या पावसाळ्यात मी बोटीच्या शिडीला हात लावला होता, हे कुणीतरी त्याला सांगितलं होतं. त्याचाच दोष बोटीला लागला म्हणे. मासळी विकणाऱ्या बायका, ज्यांना मी फुकट पंखे दुरुस्त करून दिले होते, त्या मला टोपलीपासून जरा लांब उभी करायला लागल्या. मी एकीला विचारलं, "शिडीतून करंट जातो का गं?" ती म्हणाली, "तुला कशाला कळंल." मला दादाचा इतका राग आला होता की मला त्याच्या घराची वीज गेली तरी बरं वाटायचं.

पुढच्या पावसाळ्यात मी ठरवलं की आता हात लावायचाच, तर नीट लावायचा. बोट खाडीच्या काठाला ओढून ठेवलेली, रंगारी एका बाजूनं निळा रंग देत होते. दादा अलिबागला गेला होता, नवरा डिझेल पंप घेऊन मेकॅनिककडे. मी दुकानाला कुलूप लावलं, पकड, मीटर आणि विजेरी पिशवीत टाकली, साडीचा काष्टा घातला आणि भर दुपारी शिडी चढले. रंगाऱ्यांचे ब्रश थांबले. मी म्हटलं, "रंग वाळतोय तुमचा."

इंजिनाच्या खणात डिझेलचा आणि कुजक्या पाण्याचा वास होता. फळीमागे मी विजेरी मारली आणि हसू की रडू कळेना. निळ्या तारा, काळ्या तारा, घरातल्या भिंतीतल्या तारा, एक तर टेलिफोनची. दादानं दरवर्षी हौसेनं सगळ्यावर रंग मारलेला, तारांवर, तारांच्या टोकांना बसवलेल्या थिंबलांवर, फ्यूजच्या झाकणावरसुद्धा. बोट सुंदर दिसली पाहिजे. गाण्याच्या बॉक्सची तार मला सापडली. ती बॅटरीपर्यंत आलेली, पण कधीचीच कापून टोकाला टेप लावून ठेवलेली होती. त्या टेपवरही रंगाचे दोन थर.

म्हणजे ती नव्हती. मी दोन्ही बॅटऱ्या बसतात त्या खणात हात घातला. दोघींना जोडणाऱ्या जाड पट्टीला आणखी एक तार लागली होती, बारीक, लाल. ती फळीच्या मागून वर गेली होती, डायवरच्या बसायच्या जागेशी. तिथे फोन लावायचं सॉकेट होतं. त्याला फाटे फुटले होते, एक पंख्याला, एक छोट्या टीव्हीला, आणि खलाशांच्या फोनांसाठी आणखी चार. वायरलेसही त्यातच अडकवलेला. पण पहिली तार फोनची.

मी तिचा जोड विजेरीखाली धरला. तपकिरी वॉर्निश, आत जाळ्याचा दोरा, त्यावर वडिलांची गाठ. नखानं खरवडून बघितलं. निघालं नाही.

मी तिथेच खाली बसले. किती वेळ बसले ते सांगता येणार नाही. दादाचा आवाज आला तेव्हा तार माझ्या हातातच होती.

"उतर खाली."

"ही तार कुणाची?"

तो शिडीच्या तळाशी उभा होता, हातात रंगाचा डबा. रंगाऱ्यांकडे बघून तो हळू बोलला. "तुला म्हाईत न्हाय? तुझ्याच दुकानातली हाय."

"तुला माहीत होतं."

"दोनदा काढली मी. तो परत जोडतो. म्हणतो, फोन बंद लागला तर घरात दोन दिस जेवन न्हाय." त्यानं डबा खाली ठेवला. "डायवर चांगला हाय. गप बसलो."

"मी सगळ्या धक्क्यासमोर तुला बोलले, तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मानलं असतंस?"

मानलं नसतं. पण म्हणून मी त्याला सोडणार नव्हते. मी म्हटलं, "आणि मला विचारलं असतंस तर? एक वेगळी बॅटरी लावायची होती. एवढंच. बोटीवरची सगळी माणसं मरायला निघाली, तरी तुला बहिणीला विचारवलं नाही."

"बोटीचं बाईला इचारायचं?"

"मग माझ्या शिडीला हात लावण्यानं झालं, असं खोटं का पसरवलंस?"

त्यानं डबा परत उचलला. मला त्या क्षणी त्याच्याबद्दल काहीही वाईट वाटलं नाही, चांगलंही नाही. दोघांनी मिळून मला मूर्ख बनवलं होतं. एकानं अभिमानापायी, एकानं भीतीपायी, आणि ती भीती माझी होती. याचा राग मला आजही येतो.

"मी उतरणार नाही," मी म्हटलं. "सगळं काढून नव्यानं घातल्याशिवाय उतरणार नाही. ओढून काढायचं तर वर ये आणि हाताला धरून काढ."

रंगारी बघत होते. तो वर आला नाही. खालूनच म्हणाला, "तू गेल्यावर नारळ फोडावा लागंल. बोट शुद्ध कराया."

"फोड. बॅटरीपासून लांब फोड, पाणी उडतं."

त्या पौर्णिमेपर्यंत मी रोज दुपारी दुकान बंद करून वर चढले. जुन्या तारा उपटून शिडीवरून खाली फेकल्या. इंजिन आणि पंप दोन नव्या मोठ्या बॅटऱ्यांवर, त्यांना दुसऱ्या कुणीही हात लावायचा नाही. फोन, पंखा, वायरलेस यांना तिसरी बॅटरी, तिला वर छपरावर सूर्यावर चालणारी छोटी पाटी. प्रत्येक तारेला फ्यूज, प्रत्येक फ्यूजवर नाव, आणि थिंबलांवर रंग लावला तर हात तोडीन असं मी रंगाऱ्यांना सांगून ठेवलं. ते हसले नाहीत. दादा येऊन खाली उभा राहायचा, वर बघायचा, जायचा.

नवऱ्याला मी त्या पहिल्याच संध्याकाळी लाल तार ताटाशेजारी ठेवून वाढलं होतं. त्यानं तार बघितली आणि हात आखडला.

"दोन वर्षं," मी म्हटलं, "मी दादाला शिव्या घालत होते आणि तू समोर बसून जेवत होतास."

"व्हय."

"सांगता येत नव्हतं?"

त्यानं तार ताटापासून लांब सरकवली. "पयल्यांदा सांगणार व्हतो. तू भावालाच बोलाया लागलीस. मग दिस गेले." मग म्हणाला, "फोन लागला न्हाय तर तू कशी व्हतीस ते मी बघितलंय. मला ते बघवत न्हाय."

मी म्हटलं, बुडाला असतास तर कशी झाले असते तेही बघायचं होतंस. ताट उचलून मी मोरीत ठेवलं. त्यानंतर मी त्याच्याशी कामापुरतंच बोलत होते.

पौर्णिमेला राखी घेऊन गेले. दादा पाटावर बसला, मनगट पुढे केलं, भिंतीकडे बघत. मी राखी बांधली आणि नेहमीची गाठ न मारता जाळ्याची गाठ मारली, गच्च. ती सुटत नाही, कापावी लागते. त्यानं गाठीकडे बघितलं. ती कुठली गाठ आहे हे त्यालाही कळतं, त्याच वडिलांनी त्यालाही शिकवली होती. "दुखतंय," तो म्हणाला. मी म्हटलं, "दुखू दे." आई आत गेली.

दुपारी त्यानं बोटीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, नारळ फोडला, बॅटरीपासून लांब. सेल्फ एका दमात लागला. धक्क्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, आईची कृपा. कुठल्या आईची ते मी विचारलं नाही. बायका मला टोपलीपासून अजूनही लांबच उभी करत होत्या. मी दुकान उघडायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. मी एका मोटरचं वाइंडिंग करत होते, हातात तांब्याची तार होती. पडद्यावर त्याचं नाव. मी हात पुसले, फोन समोर बाकावर ठेवला आणि तो वाजू दिला. पूर्ण वाजून बंद झाला. थोड्या वेळानं परत वाजला, तोही पूर्ण वाजू दिला. उचलला असता तर मी दोन वर्षांचं सगळं बोलले असते, आणि समुद्रात असलेल्या माणसाला तसं बोलू नये एवढं मला कळतं.

तो अजून रोज करतो. मी अजून उचलत नाही. पण त्या वेळेला दुकानात गिऱ्हाईक आलं तरी मी त्याला थांबवते, ग्राइंडर बंद करते आणि वाजणं ऐकून घेते.